काचेवरची वाफ

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं, गाडीतला, बोटाने चालणारा! स्टिअरिंगशेजारी बसून मी गाणी, नकाशा, पंखा असे सगळे सांभाळत असे. कारखान्याच्या चाचणी विभागात माझा जन्म झाला. माझ्यात चाळीस बटणे भरली होती. जो तो म्हणे, "वा, काय देखणा आहे!" मी हरखून जाई. गर्वाचे घर खाली, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

मग शाळेच्या गाडीचे चालक काका आले. तीस वर्षे त्यांनी मुलांची ने-आण केली होती. आता शाळा नवी गाडी घेणार होती आणि मला वापरण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय तिची किल्ली त्यांच्या हाती पडणार नव्हती. दोनदा ते नापास झाले होते. ही शेवटची संधी. त्यांचे बोट माझ्या बटणांवरून नुसते फिरत होते. मला फार वाईट वाटले.

कारखान्याच्या आवारात भुरभुर पाऊस पडत होता. थोड्याच वेळात समोरची काच आतून पांढरी झाली. काका माझ्याकडे टकमक पाहत राहिले. शेवटी त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि काच पुसायला घेतली.

मला घडवणाऱ्या बाई शेजारीच बसल्या होत्या. "अहो काका, बटण आहे की समोर! 'धुकेनिवारक'."

"ते होय? पण ताई, बाहेर पाऊस आहे. धुकं कुठंय?"

"मग याला काय म्हणता तुम्ही?"

"काचेवर वाफ धरली म्हणतो. माझ्या गाडीतली चिल्लीपिल्लीसुद्धा तेच म्हणतात. वर बोटानं चित्रंही काढतात!"

बाई हसल्या. "काका, आज नापास मी झाले. पुढच्या आठवड्यात परत या."

त्यांनी माझी निम्मी बटणे काढून टाकली. चालकाच्या बाजूच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिले, 'काचेवरची वाफ'. पुढच्या खेपेस काकांनी रस्त्यावरची नजर न हलवता ते दाबले. किल्ली मिळाली तेव्हा त्यांनी मला चक्क नमस्कार केला.

पुढे माझ्याहून चपळ पडदे आले आणि मी फळीवर धूळ खात पडलो. मागच्या महिन्यात निवृत्त झालेले काका भेटायला आले. माझ्यात वीज नव्हती, तरी त्यांचे बोट नेमके त्या कोपऱ्यात गेले. "काय रे, गेली का वाफ?" म्हणाले.

मित्रांनो, कुणाला काही शिकवायला बसाल, तेव्हा आधी त्याचा शब्द विचारून घ्या. आणि माझ्यावरची धूळ जरूर पुसा, पण तो एक कोपरा तेवढा सोडा. तिथे काकांचे बोट उमटले आहे.