चुलींची मोजणी

"पोरी, तुज्या मालकास्नी सांग, म्हातारी आज हाय, उद्या न्हाई. मी मेले म्हंजी घरात चूल पेटायची न्हाई. तवा मोजाय येऊ नगा म्हणावं."

धोंडुबाई बाजेवर पडूनच बोलली होती. मी तिच्या दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होते. मी हसले. म्हटलं, आजी, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मगच जाल. तिला हसू आलं नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि सुनेला म्हणाली, "शिकलेली हाय, पर आयकत न्हाई."

ही गोष्ट सांगलीची, संस्थान विलीन व्हायच्या आदल्या वर्षाची. पेठेत हळदीच्या अडतींच्या मागे एक गल्ली होती. कुडाच्या भिंती, गंजलेले पत्रे आणि मधोमध उघडं गटार. पेठ-सुधार मंडळी म्हणून व्यापाऱ्यांची एक संस्था निघाली होती. तिने ही गल्ली पाडून तिथे दुमजली इमारत बांधायचं ठरवलं होतं. खाली दुकानांचे गाळे, वर राहायच्या खोल्या, मधे चौक आणि चौकात नळ. माझे यजमान मंडळीकडे ओव्हरसियर होते. काम डोळ्यांसमोर राहावं म्हणून आम्हीही त्या गल्लीतच बिऱ्हाड केलं होतं. निळ्या नकाशावर त्यांनी मला आमची वरची खोली दाखवली होती, पूर्वेला खिडकी असलेली. मुलगी तेव्हा रांगत होती. गटाराच्या वासात तिची छाती सारखी भरायची. रात्री तिच्या नाकाशी बोट धरून मी बघत बसायची, श्वास चालू आहे ना. ती इमारत मला हवी होती. खोटं कशाला बोलू? इमारत चांगलीच झाली आहे.

खोली कुणाला द्यायची याचा मंडळीने एक नियम केला होता. ज्याची चूल गल्लीत पेटती, त्याला वर खोली. ज्याचा धंदाही गल्लीतच, त्याला वर खोली आणि खाली गाळा. जागा मिळणार म्हटल्यावर कुणाकुणाचे पाहुणे येऊन पत्र्याखाली बाज टाकून बसायला लागले होते. म्हणून माणसं मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. मोजणीच्या दिवशी चुलीत विस्तव दिसला पाहिजे आणि चूल रोजची आहे असं शेजाऱ्याने सांगितलं पाहिजे. नियम ऐकून यजमान म्हणाले होते की याच्याइतका सरळ नियम कुठे सापडणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

धोंडुबाईची सून बनुबाई. तिचं घर गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कोपऱ्यावर. नवरा लढाईत ब्रह्मदेशात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती हळद घेऊन येणाऱ्या गाडीवानांना भाकरी करून घालायची. भाकरी, झणझणीत आमटी आणि कांदा. गाडीवान बैल सोडून तिच्या दाराशी ओळीने बसत. तिची चूल पहाटे पेटायची ती दिवे लागेपर्यंत. पलीकडच्या घरातला हरिबा, अडतीत पोती तोलणारा तोलार, मुदतीच्या तापात पडला होता, तेव्हा त्याची बायको साळूबाई आणि पोरं याच चुलीवर जेवली. हे मी येण्याआधीचं. साळूबाईनेच मला सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून.

नव्या इमारतीत कोपऱ्याचा गाळा बनुबाईचा होणार हे उघडच होतं. सगळ्या पेठेत तेवढी चांगली जागा दुसरी नाही. तिथे चहाचं हॉटेल टाकायचं साळूबाईच्या भावाच्या मनात होतं. तो मिरजेला राहायचा. मोजणी जवळ आली तशी त्याने बहिणीच्या पडवीत तीन विटा मांडून आपली वेगळी चूल केली. बनुबाईने ती पाहिली आणि म्हणाली, "साळू, तुज्या भावाची चूल मिरजेवरनं रांगत आली का गं?" सगळी गल्ली हसली होती. साळूबाईसुद्धा हसली होती.

मंडळीचा कारभारी नानासो. या माणसाचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. प्रत्येकाला जी, बाई, आप्पा म्हणून बोलायचा. माझी मुलगी दिसली की तिला लिमलेटची गोळी द्यायचा. तो वळला की मी ती तिच्या मुठीतून काढून टाकत असे. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मोजणी पुढच्या आठवड्यात होती आणि धोंडुबाई एका दुपारी गेली. बनुबाई भाकरी थापत होती. पाणी मागितलेलं ऐकलं आणि ती वाटी घेऊन गेली, तेवढ्यात आटोपलं होतं. तव्यावरची भाकरी तशीच करपली. तासगावाकडून भावकीतला एक दीर आला. गल्लीतल्या बाप्यांनी ताटी बांधली. नानासो स्वतः आला, डोक्यावरची टोपी काढली आणि खांदा दिला. घाटापर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही म्हणे.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की मगच पेटवायची. तोवर शेजारपाजारचे भाकरी आणून देतात. संध्याकाळी साळूबाईने दुरडी भरून भाकऱ्या आणि झुणका आणला. म्हातारी जिथे गेली तिथे पिठावर पणती लावून वर पाटी पालथी घातली होती. बनुबाई तिच्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चूल झाडून सारवलेली.

ती सारवलेली चूल पाहिली आणि मला म्हातारीचं बोलणं आठवलं. घरी जाऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मोजणीला अवकाश आहे, तोवर चूल पेटेलही, आणि नानासोनेच खांदा दिलाय, त्याला का माहीत नाही? बोलणं पटण्यासारखं होतं. पण माझ्या जिवाला चैन पडेना. मुलीला त्यांच्याजवळ दिलं, आमच्या शेगडीतले निखारे उलथण्यावर घेतले आणि बनुबाईकडे गेले. म्हटलं, मी परकी आहे, मला सुतक नाही. मी ठेवते विस्तव, तुम्ही हात लावू नका.

बनुबाईने माझ्याकडे पाहिलं. "वैनी, बारा वर्सं ती मला शिव्या द्यायची. तिच्या चुलीला म्या तीन दीस दम धरू नये व्हय?"

मी म्हटलं, आणि उद्याच मोजायला आले तर?

"येऊ द्यात की. माजी चूल कवा पेटती आन् का इजली, आक्ख्या पेठंला ठावं हाय. ही साळू हाय, हरिबा हाय. ते काय मुके हायती?"

मी निखारे परत आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो मोजणीला आला.

त्याच्याबरोबर अण्णाप्पा होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मसाल्याचं जुनं दुकान, आणि मंडळीने नेमलेले ते पंच. माझे यजमान मागे टेप घेऊन. मोजणी आठवडाभर अलीकडे ओढल्याचं बऱ्याच जणांना कळलंच नव्हतं, आणि ज्यांना कळलं होतं त्यांच्या चुली भरभरून पेटल्या होत्या. मिरजेच्या भावाने तीन विटांवर शिरा केला होता, विकायला म्हणून. नानासोने बोटभर चाखला, वेलदोडा कमी पडला म्हणाला, आणि चूल मोजली. साळूबाईने ती रोजची आहे असं सांगितलं. आमची शेगडीही मोजली.

मग ते कोपऱ्यावर आले. नानासोने वहाणा बाहेर काढल्या. आत जाऊन पाटीखालच्या पणतीला वाकून नमस्कार केला, धोतराचा सोगा आवरून घेतला, पणतीला वारा लागू नये म्हणून. मग हातातली काठी चुलीच्या तोंडात घातली आणि फिरवली.

"गार हाय."

अण्णाप्पा चुळबुळले. म्हणाले, घरात मयत झालंय, हे बरोबर दिसत नाही.

"मला ठावं न्हाई व्हय, अण्णाप्पा? खांदा मीच दिलाय. आजून दुखतोय." त्याने खरंच खांदा चोळला. "पर आपुन दुःख मोजाय आलो न्हाई. शेजारी काय म्हणत्यात ते इचारू."

साळूबाई दारातच होती, कडेवर सकाळच्या भाकरीची दुरडी. नानासोने तिला गोड आवाजात विचारलं, काल सांजच्याला या घरात चूल पेटली होती का. साळूबाईने पदर नीट केला.

"न्हाई. भाकरी मीच आणून दिली."

"आन् आज?"

"आजबी मीच आणलीया."

ती खोटं एक अक्षर बोलली नाही. दुरडी तिने अशी धरली होती की सगळ्यांना दिसावी. नानासोने हरिबाकडे पाहिलं. हरिबा म्हणाला, बायको सांगतीया ते खरं हाय. मागे गल्लीतली माणसं उभी होती, त्यांतले कितीतरी या चुलीवर जेवलेले. एकेकाची मान हलली. काल दुपारपर्यंत काय होतं हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. एक चूल कमी झाली की एक खोली उरणार होती. ती कुणाला मिळेल याचा हिशेब मला त्यांच्या तोंडांवर दिसत होता.

मी पुढे झाले. मी म्हटलं, काल दुपारी या चुलीवर भाकरी होती, मी डोळ्यांनी पाहिली. चूल का विझली तेही लिहा.

नानासो माझ्याकडे वळला. "वैनीसाब, कारणं लिवत बसलो तर इमारत कागदावरच ऱ्हाईल आन् तुमची ल्येक गटारात मोठी हुईल." आणि मग, अगदी हळू, "तुमची शेगडी मोजलीया नव्हं?"

मागे कुणीतरी हसलं. त्या घरात, त्या पणतीसमोर. मी यजमानांकडे पाहिलं. ते टेप गुंडाळत होते, गुंडाळलेला पुन्हा सोडून गुंडाळत होते. मी अण्णाप्पांना म्हटलं, तुम्ही पंच आहात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, नियमात तशी सोय नाही बाई. मी आणखीही बोलले. कुणी अडवलं नाही मला. माझं संपायची वाट बघत ते उभे राहिले, पावसाची सर जायची वाट बघावी तसे, आणि मग पुढच्या घराकडे निघाले.

साळूबाई वळली तेव्हा बनुबाईने हाक मारली. "साळू, भाकरी ठिव आन् मंग जा. गार हुतीया."

साळूबाईने दुरडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी दिरासोबत राख सावडायला गेलेली बनुबाई घाटावरून परतली. आल्या आल्या चूल पेटवली. मी दारातून धूर पाहिला आणि मला उगाच वाटलं की आता कुणीतरी येईल, बघेल, चूक सुधारेल. आलेही. मोजणीत नसलेलं घर आधी पाडायचं ठरलं होतं, म्हणून पहारी घेऊन गडी आले. तिने भाकरी थापली होती, तव्यावर टाकली होती. गड्यांनी मागचा कूड ढकलला. वाळल्या कुडाला विस्तव लागेल म्हणून ओरड झाली. हरिबा घरातून पाण्याची घागर घेऊन धावत आला आणि त्याने ती चुलीत ओतली. वाफ छताइतकी उडाली. पोरं टाळ्या पिटत होती. माझी मुलगीही हसली, तिला वाफ आवडली.

बनुबाईने तवा उचलला. तो तापलेला होता, म्हणून पोत्यात गुंडाळला. काठवट डोक्यावर घेतली. नानासो रस्त्यावर उभा होता. तो म्हणाला, बनुबाई, काई लागलं सवरलं तर कळीव. ती त्याच्या बाजूने निघून गेली. मी मोटारीपर्यंत तिच्याबरोबर गेले. पाटणला भाऊ आहे म्हणाली. त्याला तुम्ही येताय हे माहीत आहे का, विचारलं, तर म्हणाली, "गेल्यावर हुईल म्हाईत."

आता आम्ही वरच्या खोलीत राहतो. पूर्वेची खिडकी आहे, सकाळी उन्हाचा पट्टा पाळण्यापर्यंत येतो. मुलीची छाती भरत नाही. ती चालायला लागली आहे, नळाखाली हात धरून खिदळते. लांबलांबचे लोक ही इमारत बघायला येतात आणि आपल्या गावातही अशीच व्हावी म्हणतात. खाली कोपऱ्यावर साळूबाईच्या भावाचं हॉटेल जोरात चालतं. गाडीवान चहा पितात, कधी एखादा नवखा भाकरीची चौकशी करतो, तेव्हा तो भाऊ हसून म्हणतो, ती म्हातारी मेली आणि भाकरी संपली. शेजारची खोली साळूबाईची. शेजारीण म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही. मुलीसाठी काही ना काही आणून देते. परवा मला ताप होता तर दुरडी भरून भाकऱ्या घेऊन आली आणि दारात उभी राहिली. मी आधी उठले, शेगडी पेटवली, आणि मगच दुरडी हातात घेतली. तिला काही कळलं असेल असं वाटत नाही.

पाटणचा एक हळदवाला मागे सांगून गेला की बाजारात मोटारी थांबतात तिथे एक बाई दगडावर भाकरी थापते. दुसरा म्हणाला, तिचा भाऊ तिला घरात घेत नाही, ती देवळाच्या ओवरीत असते. दोघांनीही नाव विचारलेलं नाही. मी लेकरू टाकून एवढ्या लांब जाऊ शकत नाही, आणि यजमानांजवळ विषय काढला की ते खाली चौकात जातात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पाटणला गेलात तर मोटारी थांबतात तिथे जरा बघा. उंच, सावळी बाई, उजव्या मनगटावर तव्याचा जुना डाग. मी पाठवलं म्हणू नका. भाकरी मागा, बसून खा, आणि रात्री ती कुठे जाते तेवढं बघून मला कळवा.