किनाऱ्यावरचा धूर

"ही ओळ काढून टाक," दिग्दर्शक म्हणाला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परक्या भाषेतल्या ऑपेराच्या ओळी आपल्या भाषेत आणायच्या आणि प्रयोग चालू असताना रंगमंचाच्या वरच्या पडद्यावर एकेक करून दाखवायच्या, हे तिचं काम. दुसऱ्या अंकात जहाजाचा कप्तान पहिल्यांदा नवी भूमी पाहतो आणि गातो. सूर असे चढत जातात की ऐकणाऱ्याचीही छाती फुगावी. पण मधेच तो म्हणतो, 'किनाऱ्यावर धूर दिसतोय, कुणाच्या तरी चुली पेटल्यात.' आणि लगेच पुढे, 'ही भूमी कुणाचीच नाही.'

"अहो, त्याने माणसं पाहिली आणि पाहिलीच नाहीत असं ठरवलं. गाण्याचा अर्थच तो आहे!"

"अगं बाई, नवी भूमी सापडल्याचा आनंद आहे तो. त्यावर विरजण कशाला? लोक अर्थासाठी नाही, सुरांसाठी तिकीट काढतात."

ती दात-ओठ खात बाहेर आली. तिच्या वडिलांची वस्ती पाडली, तेव्हा नकाशात तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. नकाशा काढणारा साहेब त्यांच्याच ओट्यावर बसून दोन कप चहा पिऊन गेला होता. वर साखर कमी आहे म्हणाला होता.

दाराशीच कप्तानाचं काम करणारा गायक उभा होता. आवाजामुळे सगळे त्याला 'नगारा' म्हणत. त्या भाषेचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. शब्द नुसते घोकलेले.

"ताई, मी ऐकलं सगळं. ती ओळ मी महिनाभर हसत हसत गातोय. मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?" ती खेकसली. त्या बिचाऱ्यावर आपण कशाला डाफरलो, असं तिला वाटलं. पण माफी मागण्याइतका राग उतरला नव्हता.

पहिल्या प्रयोगाला ती मागच्या काचेच्या खोलीत बटणापाशी बसली. ती धुराची ओळ दिग्दर्शकाने स्वतः उभं राहून पुसून घेतली होती. ती जागा आली. पडदा कोरा. नगाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने आवाज खाली आणला आणि ती ओळ चक्क आपल्या भाषेत गायली. चुलींसकट.

वादक गडबडले, पण थांबले नाहीत. मग सगळी वाद्यं एकदम उसळली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'ही भूमी कुणाचीच नाही.'

"अरे, असं कसं?" पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई मोठ्याने म्हणाल्या. कुणीही हसलं नाही.

अंक संपताच दिग्दर्शक खोलीत घुसला. "तूच पढवलंस त्याला!"

"नाही. मला सुचलं असतं, तर नक्की पढवलं असतं."

"उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही!"

"नाही ठेवणार. तिसरा अंक बाकी आहे. बाजूला व्हा, मला रंगमंच दिसत नाहीये."