पाव फेरा जास्त

नणंदेने भावजयीसाठी स्वतःच्या हातांनी काही केलं म्हटलं, की ऐकणारे आधी कान टवकारतात. पण या घरात ते खरोखर घडलं. नणंद प्लंबर. तीस वर्षं तिने लोकांच्या भिंतींत नळ जोडले आणि साठीला टेकल्यावर भावजयीसाठी गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडला. टेबलावर धुतलेली चादर अंथरली, पेचकस ओळीने मांडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, पंखा तेवढा फिरता ठेव. बाकीचं मी बघते."

देवाने आपला वाटा उचलला. पंखा फिरला, निळे-जांभळे दिवे लागले, भावजयीने टाळ्या पिटल्या. अकराव्या मिनिटाला कॉम्प्युटर गचकला.

"थकला असेल बिचारा," नणंद म्हणाली. "पहिलाच दिवस."

दुसऱ्यांदा तो तीन मिनिटांत गेला. तिसऱ्यांदा तर भावजय नुसती स्वतःचं नाव टाइप करत होती. अर्ध्या नावावर निळा पडदा!

आता भावजयीचा जीव एवढा टांगणीला का, ते सांगायलाच हवं. तिला चार वर्षांनी मोठी एक ताई होती, जहाजावरची डॉक्टर. ताई लपाछपीत पहिली, वर्गात पहिली, पोहण्यात पहिली. भावजय चाळीस वर्षं तिच्या पाठीमागून धावत आली होती. अलीकडे दोघी आपापल्या घरी बसून गाड्यांच्या शर्यती खेळत, आणि तिथेही ये रे माझ्या मागल्या. भावजयीच्या जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळत चाले. ती तक्रार करी आणि ताई फोनवर खो खो हसे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणून हा नवा कॉम्प्युटर. ताई उद्या पहाटे सहा महिन्यांसाठी समुद्रावर निघणार होती. आज दुपारी चारला दहा फेऱ्यांची शर्यत. अट एकच: जिचं यंत्र मध्येच बंद पडेल, ती हरली. आणि आत्ता सकाळचे अकरा वाजले होते.

"वन्सं, अहो, तापत असेल का हो?"

नणंदेने टेबलफॅन आणून समोर लावला. चादर उडाली, स्क्रू घरंगळले, कॉम्प्युटर थंडगार राहिला आणि थंडगारच बंद पडला. मग वायरी काढून पुन्हा खोचल्या. मग भावजयीने सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं. त्यात दीड तास गेला. नवं सॉफ्टवेअर जुन्याच तत्परतेने आडवं झालं.

बाहेरच्या खोलीत भावजयीचा नवरा घड्याळं दुरुस्त करत बसला होता. नणंदेचा धाकटा भाऊ. तो डोळ्याचं भिंग न काढता ओरडला, "अक्का, मुख्य कॉक बंद करून बघितलास का?"

"तू तुझी टिकटिक बघ!"

भावजय मात्र आता हट्टाला पेटली. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांना नंबर लावून द्यायची. घोळ झाला, की एकेकाला वेगळं बसवून विचारायचं, ही तिची रीत. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. तिने दोन्ही काढल्या आणि एकेक लावून पाहिली. पहिली पट्टी डाव्या खाचेत बसवली, तर कॉम्प्युटर मान टाकी. तीच उजव्या खाचेत बसवली, तर गाडी वीस मिनिटं सुसाट. दुसऱ्या पट्टीचंही अगदी तेच.

"वन्सं! पट्ट्या निर्दोष आहेत. डावी खाच खोटं बोलतेय!"

"मग एकाच पट्टीवर खेळ की."

"एका पट्टीवर चित्र पुन्हा अडखळतंय. ताई वळणावर गिळेल मला."

दोन वाजून गेले होते. आता घड्याळजी उठून आलाच. भिंग डोळ्याला तसंच. त्याने कॅबिनेट आडवं केलं, मान वाकडी केली आणि आतल्या हिरव्या बोर्डाकडे कडेने पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"अहो, रडताय का?"

"हसतोय! ये, बघ. उन्हात टाकलेल्या पुठ्ठ्यासारखा वाकलाय बोर्ड. तुझं अंगण खरंच वाकडं आहे गं!"

प्रोसेसरवर जो जाड पंखा बसवतात, त्याच्या चार स्क्रूंनी बोर्ड मधोमध ओढून धरला होता, आणि शेजारची डावी खाच त्या ताणाने तिरकी झाली होती.

"अक्का, किती आवळलंस?"

"आवळायचं तेवढं," नणंद म्हणाली. "आणि वर पाव फेरा."

"पाव फेरा कशाला?"

"गळू नये म्हणून."

"यातून काय गळणार आहे? वीज?"

"तीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाही!" नणंदेचा आवाज चढला. "म्हणून तर वॉशरसुद्धा घातले."

मग भावजयीने हळूच विचारलं, "कसले वॉशर, वन्सं?"

"रबरी. माझ्या पेटीतले. कंपनीवाले द्यायला विसरले होते."

घड्याळजी खुर्चीतून घसरून खाली बसला. भावजयीला हसूही येईना आणि रडूही. नणंद लालबुंद झाली होती. पण तिने दोघांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पेचकस उचलला.

"सरका. मी आवळलंय, मीच सैल करीन."

चारही वॉशर निघाले. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे ओढणारी, नळीत उरलेली पेस्ट लावून पंखा पुन्हा बसला. आता खरी परीक्षा. आधी एक स्क्रू, मग त्याच्या समोरचा, असं फिरवत ती शेवटाला आली आणि तिचं मनगट आपोआप पुढे वळायला लागलं.

"अक्का!"

"कळलं!" तिने हात आखडता घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "देवा, तीस वर्षांची सवय आहे रे. सांभाळ."

बोर्ड सरळ झाला होता. दोन्ही पट्ट्या बसल्या. भावजयीने गाडी अर्धा तास पळवली, पाऊण तास पळवली, कॉम्प्युटर गाईसारखा शांत. चार वाजता ताईचा आवाज कानात आला, "काय गं, तयार? की आजही अंगण?"

"आज सपाट आहे. ये तू."

दहा फेऱ्या. आठव्या फेरीत ताई पुढे. नणंद कॅबिनेटवर तळहात ठेवून उभी, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. नववीत भावजय ताईच्या बरोबरीला आली. घड्याळजी "डावीकडून, डावीकडून" म्हणत स्वतःच डावीकडे झुकत गेला आणि दारावर आपटला. शेवटच्या वळणावर भावजयीने ब्रेक लावलाच नाही. गाडी कठड्याला घासली, ठिणग्या उडाल्या आणि हातभर अंतराने रेषा आधी तिने ओलांडली.

नणंदेने भावजयीला खुर्चीसकट गरागरा फिरवलं. घड्याळजी टाळ्या वाजवत खोलीभर नाचला. जिंकल्यावर काय बोलतात, हे भावजयीला माहीत असायचं कारणच नव्हतं. शेवटी तिने घसा साफ केला.

"ताई, जेवलीस का गं?"

"नाही," ताई म्हणाली. "आता घास उतरेल का, गाढवे?" आणि दोघी हसायला लागल्या, त्या काही केल्या थांबेनात.