पाइपातला चीक

वनाच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं तेव्हा अतिक धुळ्यात भाचीच्या लग्नात होता. फोन रावेरहून आला, केळी पॅकिंग हाउसच्या पुनीतशेठचा.

"तुमचा वना बैलासारखा ओढतो. जुन्या केबलचं टोक तुटलं आणि हा मागच्या मागे टाकीवर आदळला. यापुढे त्याला माझ्याकडे आणू नका."

"घाई करतो तो जरा," अतिक म्हणाला.

फोन ठेवून तो जेवण अर्धवट टाकून उठला.

अतिक आणि वना पंधरा वर्षं जोडीने वायरमनचं काम करत होते. पुनीतशेठकडची जुनी केबल दोन वर्षांपूर्वी त्यांनीच टाकली होती. पॅनेलपासून केळी धुण्याच्या टाकीवरच्या पंपापर्यंत जमिनीखालून चाळीस मीटर पाइप, त्यात दोन वळणं. अतिक पॅनेलकडून केबल आत सोडत होता, वना शेडच्या पलीकडून, टाकीपाशी उभा राहून ओढत होता. केबल पाइपात सरकावी म्हणून तिला लावायच्या जेलचा डबा निम्म्यावर संपला. साबणाचं पाणी वाळलं की केबल पाइपात अडकते, ग्रीसने रबराचं आवरण फुगतं, हे अतिक नव्या वायरमनांना शिकवायचा. जेल जळगावलाच मिळायचं, म्हणजे दिवस जाणार. फाटकाशी दोन ट्रक केळीसाठी थांबलेले.

बाजूला केळीचा तोडलेला खांब पडला होता. अतिकने तो उभा चिरला आणि आतल्या बुळबुळीत पापुद्र्यांमधून केबल फिरवत आत सोडली. ती सरसर गेली.

"लोणी लावलं का काय रे, अतिकभाई?" वना पलीकडून ओरडला.

"जेलच आहे, ओढ."

यंदा पंप मोठा घेतला, म्हणून जाड केबल हवी होती. वनाने नेहमीच्या रीतीने जुन्या केबलच्या शेपटाला नवी बांधली आणि जुनी ओढायला घेतली. ती हललीच नाही. मग त्याने जोर लावला.

लग्नाहून परतल्यावर, अपघाताच्या सहाव्या दिवशी, अतिक एकटाच रावेरला गेला. मेन स्विच बंद करून त्याने पहिल्या वळणाशी खणलं आणि पाइप कापला. केबलभोवती काळपट, कडक थर होता. पाइपाला तो इतका चिकटला होता की पान्याने खरवडावा लागला.

पुनीतशेठ वाकून पाहू लागले. टाकीवर फण्या धुणारी बेबाबाईही हात पुसत आली. तिने थरावर नख मारलं.

"हा तं केयीचा चीक हाये. लुगड्याले लागला तं जल्मात निंघत नाही."

"पाइपात चीक?" शेठ म्हणाले. "म्हणजे हेही वनाचंच. बघा, कसली माणसं सांभाळता तुम्ही!"

अतिक नुसता गप्प राहिला असता, तर तेवढं पुरलं असतं.

"मी लावला," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. वनाला ठाऊकसुद्धा नाही."

"मग फोनवर का नाही बोललात?"

अतिकने पाना खाली ठेवला. बेबाबाई पुटपुटली, "त्या बिचाऱ्याचा हात गेला ना, भाऊ," आणि टाकीकडे वळली.

"वनाला आणायचं की नाही, ते आता मला विचारू नका," शेठ म्हणाले. "तुम्हाला आणायचं की नाही, ते मी बघतो."

अतिक तिथून थेट वनाच्या घरी गेला. वना प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ओट्यावर बसला होता. अतिकने उभ्यानेच सगळं सांगितलं. खांब, चीक, फोनवरचं 'घाई करतो तो' हे वाक्यही.



"हाताचं जाऊ दे," वना म्हणाला. "सहा दिवस मी लताला सांगतोय, की माझंच चुकलं, मला ओढण्याचा अंदाज राहिला नाही. ती म्हणते, मग हे काम सोड. मी हो म्हणालो." त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "लता, बाहेर ये. अतिकभाईला काही सांगायचं आहे."

वनाची बायको लताबाई पिठाच्या हातांनी दारात आली. अतिकने टोपी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.