सुरम्याविना नवरी

तुदाआजीचा सुरमा लावल्याशिवाय तिघरमत गावातली बाई उंबरा ओलांडत नसे. खाणीजवळचा चमकता दगड वेचायचा, तीन दिवस खलायचा, सात पदरी फडक्यातून गाळायचा, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. बाळ जन्मलं की डोळ्यांत पहिली काडी तिचीच.

म्हणूनच आरोग्य खात्याचे साहेब तिच्या नातीचा रक्ताचा कागद फडकवत म्हणाले, "शिसं विहिरीत नाही, आजी, तुमच्या कुपीत आहे," तेव्हा तिने हातातली काडी खाली ठेवली. नात इझ्झा सात वर्षांची. पोट धरून कळवळायची, कालचा धडा आज विसरायची. गावाची विहीर शिशाच्या बंद खाणीच्या राखाडी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, म्हणून गावाने वरच्या झऱ्यावरून नळ मागितला होता. साहेबांनी अर्जावर शेरा मारला: कारण सुरमा, नळाची गरज नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं सगळं गाव म्हणालं.  पण आपला दगडही त्याच खाणीचा, हे तुदाला ठाऊक होतं. तिने घरोघर फिरून कुप्या गोळा केल्या आणि पेटीला कुलूप ठोकलं.

बायका कावल्या. नवरा गेला की चार महिने दहा दिवस सुरमा वर्ज्य. जित्या नवऱ्याची बाई तसं तोंड घेऊन कशी फिरणार?

"आजी, लोक विचारतील ना, तुझा धनी कधी गेला म्हणून!"

"सांगा, तुदाने मारला," आजी म्हणाली. "तसाही दिवसभर पडूनच असतो मेला!"

आठ महिने गेले. ईदही कोऱ्या डोळ्यांनी झाली. इझ्झाचं रक्त पुन्हा तपासलं. शिशाचा आकडा अठ्ठेचाळीसवरून चव्वेचाळीसवर आला होता, बस्स.

तेवढ्यात तुदाच्या धाकट्या लेकीचं, रभाचं लग्न आलं. मेंदी रंगली, आणि रभा आईच्या गळ्यात पडली. "एकच काडी, आई. सासरचे काय म्हणतील?"

तुदाचा हात किल्लीवर गेला. लग्नाच्या दिवशी पोटच्या पोरीला विधवेचे डोळे! तिला रडू फुटलं. कोपऱ्यात इझ्झा पोट धरून बसली होती. रभाने तिच्याकडे पाहिलं आणि आईच्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली.

"राहू दे. असंच जाऊ मांडवात."

साहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. परातीत मटण आलं, त्यांनी पहिला घास उचलला आणि समोर नजर गेली. साठ बायका, मधोमध नवरी, आणि एकीच्याही डोळ्यांत सुरमा नाही. साहेब त्याच मुलखातले. घास परत परातीत गेला.

"कोण गेलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

तुदाने इझ्झाचा नवा कागद परातीशेजारी ठेवला. "हे चार उतरले ना, ते माझं पाप. भरल्या मांडवात कबूल करते. आता हे चव्वेचाळीस कुणाचं, ते तुम्ही बोला."

साहेबांनी कागद पालथा केला.

"नका बोलू. पण नळ येईपर्यंत या गावात एकही बाई काडी लावणार नाही. जो पाहुणा येईल तो हेच विचारील, कोण गेलं म्हणून." आजीने परात त्यांच्याकडे सरकवली. "आम्ही तुमचं नाव सांगू."