अवसेची दुपार

"चिखल कुठे आहे?" रावसाहेबांनी कागदावरून भिंग फिरवत विचारलं.

खुर्चीच्या कडेला टेकलेला दत्तू गोंधळला. "कुठला चिखल, सर?"

"मी लिहिलेला! दुपारची ओहोटी आहे, आरमाराचे गडी गुडघाभर चिखल तुडवत शत्रूच्या ठाण्याकडे सरकताहेत. आणि तुम्ही त्यांना गळ्यापर्यंत पाण्यात बुडवलंत. गोष्ट वाचलीत तरी का?"

"वाचली ना. दोनदा."

रावसाहेबांना ते खरं वाटलं नाही. माणसावर पटकन विश्वास टाकणं त्यांनी पाच वर्षांपूर्वीच सोडलं होतं. तेव्हा एका गोडबोल्या चित्रकाराने जुन्या अंकांतली चित्रं ट्रेस करून दिली, प्रकाशकाने ती ओळखली आणि त्यांची आरमारावरची चित्रकथा साभार परत आली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला लोकांनी चोराचा जोडीदार ठरवलं. त्यानंतर ते निवृत्त होऊन वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आता ब्याऐंशी साली दुसऱ्या एका प्रकाशकाने होकार दिला होता, पण सोमवारच्या टपालाने चित्रकाराचं नाव कळवायचं होतं. हीही संधी गेली, तर पासष्टीच्या म्हाताऱ्याला तिसरी कोण देणार होतं?

टेबलावर दोन नमुने होते. दादरच्या जयप्रकाश नावाच्या चित्रकाराने चिखल सांगितल्याबरहुकूम काढला होता. दत्तू सानपाडा गावातला, सेक्टरमधल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा. रावसाहेबांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी त्यांच्या मागे लागून त्याला बोलावलं होतं. त्याच्या चित्रातली माणसं इतकी जिवंत होती की रावसाहेबांना त्याचाच जास्त संशय आला. पाट्या रंगवणाऱ्याच्या हातून हे? नक्कीच कुठून तरी उचललेलं असणार.

"हे चित्र आधीच दुसऱ्या कशासाठी तरी काढलेलं होतं. खरं सांगा."

दत्तूचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "सर, तुमी अवसेची दुपार लिवली हाय. अवसेला दुपारी भरती असते. पानी फुल. चिखल दिसंल कुठनं?"

"बखरीत तर..." म्हणता म्हणता रावसाहेब अडखळले. बखरीत नुसता अवसेच्या दुपारी घातलेल्या छाप्याचा उल्लेख होता. ओहोटी त्यांनी पदरची घातली होती आणि त्या परिच्छेदावर त्यांचा फार जीव होता.

"उद्या अवसच हाय. या बगायला," दत्तू म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

रावसाहेब तडक भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले.

"अहो, अमावास्यासुद्धा त्यानेच रंगवली असेल हो!" वैजयंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब तासभर आधीच खाडीवर जाऊन उभे राहिले. दत्तू आधी येऊन काहीतरी बनाव रचेल, अशी त्यांना धास्ती होती. समुद्राला कसं फितवतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाराच्या सुमाराला पाणी काठोकाठ आलं. चिखलाचा ठिपकाही दिसत नव्हता. दत्तू येऊन शेजारी उभा राहिला.

रावसाहेबांना मनापासून लाज वाटली. "चुकलो मी," ते म्हणाले. "तो परिच्छेद आजच खोडतो. पत्रात नाव तुमचं."

दत्तूने मान डोलावली. परत जाताना तो सायकल ढकलत सोबत आला आणि सोसायटीच्या गेटशी थांबला.

"पयलं पानी हितवर यायचं, सर. हितं आमचा बांध व्हता. आतमंदी भाताचं शेत. बा मला बांधावर बसवून शिकवायचा, अवसेला कवा चढतं, कवा उतरतं. मंग भराव पडला." त्याने बोटाने जमिनीवर एक आडवी रेघ दाखवली. "हितवर."

मग तो सायकलवर बसून गेला.

रावसाहेबांनी त्या जागेकडे पाहिलं. मग गेटमधून आत शिरताना त्यांनी नकळत धोतर गुडघ्यापर्यंत वर उचलून धरलं.