मंगळीच्या पेजेचे मडके

मित्रांनो, मी एक जुने, धुराने काळे पडलेले मडके आहे. कळंबच्या कुंभाराने मला घडवले, तेव्हा माझ्यात नाना पदार्थ शिजतील असे मला वाटले होते. पण मी आले भिवपुरीजवळच्या डोंगरवाडीत, चिंधीच्या चुलीवर. ते लढाईचे दिवस होते. धान्य मिळेनासे झाले होते. माझ्यात रोज तांदळाची पातळ पेज तेवढी शिजे.

चिंधी आणि तिचा नवरा पदू सकाळीच कामाला जात. तान्हे बाळ चिंधीच्या पाठीशी बांधलेले असे. त्यांची थोरली, दोन वर्षांची मंगळी मात्र घरीच मागे राही. बाळ झाल्यापासून तिचे अंगावरचे दूध तुटले होते. चूल विझली तरी मी कोमट असे. मला टेकून ती बसून राही. रडतसुद्धा नसे. त्या झोपडीत आम्ही दोघेच.

हळूहळू तिचे गाल आणि पाय फुगले. केस तांबूस झाले.

"बाळसं धरलं गं पोरीनं!" शेजारची सोनाबाई म्हणाली.

तिचा पाय किती गार लागतो, ते मला कळत होते. पण मला कुठे बोलता येते?

एक दिवस मंगळीने पेजही तोंडाबाहेर टाकली. पदूने वीजघराच्या वसाहतीतल्या डॉक्टरांना हातापाया पडून आणले. त्यांनी मंगळीच्या पायावर बोट दाबले. खळगा पडला, तो तसाच राहिला.

"हे बाळसं नाही, सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "डाळी, मासे, अंडी यांत प्रथिनं असतात. पोट त्यांचे बारीक तुकडे करतं. तेच तुकडे नव्यानं जोडून शरीर आपलं मांस, रक्त, केस तयार करतं. नुसत्या पेजेत प्रथिनं फार थोडी. मग असं अंगात पाणी साचतं. हिला वाल, मासळी देत नाही का?"

"नदीत धरलेली मासळी इकून तांदूळ घेतो, सायेब," पदू म्हणाला.

"आन् वाल बाधतील म्हनून देत नाय," चिंधी पुटपुटली.

"मऊ शिजवा, घोटा आणि थोडं थोडं द्या."

त्या दिवसापासून माझ्यात सोललेले वाल शिजू लागले. कधी पदूने घरासाठी राखलेले मासे. पण सुजेचे पाणी उतरले, तशी मंगळी अगदी काटकुळी दिसू लागली.

"बंद कर गं ते! पोर सुकली!" सोनाबाई ओरडली.

चिंधी माझ्यासमोर बसून रडू लागली. आता देऊ की नको, तिला कळेना. तेवढ्यात मंगळीने हात पुढे केला.

"आये, आजून."

किती दिवसांनी तिने मागून खाल्ले! चिंधीने डोळे पुसले आणि वाटी भरली.

पुढे मंगळी चालू लागली, मग धावू लागली. माझ्याजवळ बसायला तिला वेळ उरला नाही. अंगणातून तिचा आवाज तेवढा ऐकू येई. काही वर्षांनी घरात जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे पातेले आले आणि मला परसात ठेवले. आता मी पाचोळ्यात पडून असते. इकडे कोणी फिरकत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. पण एखादे मूल खेळ सोडून गप्प बसलेले दिसले, तर शहाणे आहे म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्या ताटात काय वाढले आहे, ते बघा.